घरात दोन मांजरं आणि नवी दत्तक कुत्री: ओळख कशी करून द्यावी?

प्रश्न: पुण्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. घरात सात वर्षांची मांजर (ठकी) आणि दोन वर्षांचा बोका (गोट्या) आहे. दोघांचीही नसबंदी झालेली आहे. दहा दिवसांपूर्वी दीड वर्षाची देशी कुत्री, तांबी, दत्तक आणली. जिथून आणली तिथल्या मंडळींनी ‘मांजरांशी छान राहते’ असं सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी बेडरूमचं दार उघडं राहिलं, ठकी बाहेर आली आणि तांबी तिच्यामागे स्वयंपाकघरापर्यंत धावली. तेव्हापासून ठकी माळ्यावर बसून असते, खायला-प्यायला रात्रीच उतरते. गोट्या दाराआडून फिसकारतो. सासूबाई म्हणतात, ‘राहू द्या एकत्र, मांजरानं एक फटका दिला की कुत्री शिकेल.’ काय करावं? तांबीला परत पाठवावं का?

उत्तर:

परत पाठवायचं की नाही ते आज ठरवू नका. नव्या घरात आलेली कुत्री पहिल्या दहा दिवसांत खरी कशी आहे ते दाखवतच नाही. काही जणी कोपऱ्यात गप्प पडून राहतात, काही सैरभैर होतात, आणि या दोन्हींचा मूळ स्वभावाशी फारसा संबंध नसतो. एका पाठलागावरून तांबी मांजरांना इजा करेल असंही ठरत नाही आणि करणार नाही असंही ठरत नाही. त्या दिवशी कळलं ते एवढंच, की तुमच्या घरात दार चुकून उघडं राहू शकतं. तेव्हा आधी दाराचा बंदोबस्त, मग कुत्रीचं शिक्षण.

मी कुत्र्यांच्या वर्तनावर काम करते. मांजरं असलेल्या घरांतून फोन येतात तेव्हा बहुतेकांच्या मनात एक चित्र असतं: दोघं एका गोधडीवर एकमेकांना बिलगून झोपलेत. ते चित्र तूर्त बाजूला ठेवा. माझ्या लेखी काम फत्ते कधी? तांबी हॉलमध्ये आडवी आहे, ठकी तिच्यासमोरून पाणी प्यायला जाते, तांबी एक डोळा उघडून बघते आणि परत मिटून घेते, तेव्हा. कुत्रीला मांजराचा कंटाळा आला पाहिजे. त्यापुढे माया जमली तर वरकड कमाई समजा.

कंटाळा यायच्या आड काय येतं ते आधी बघू. कुत्र्यांतली शिकारीची वृत्ती टप्प्याटप्प्यानं उलगडते: नजर रोखणं, दबकत पुढे सरकणं, पाठलाग, पकड, आणि शेवटी मान झटकून मारणं. सगळ्या कुत्र्यांत सगळे टप्पे सारखे तीव्र नसतात. पुष्कळ कुत्री पाठलागापाशी थांबतात आणि मांजर वळून उभं राहिलं की त्यांनाच कळत नाही आता काय करायचं. पण पाठलाग हीच कुत्र्यासाठी मोठी मजा असते. हाती काही लागलं नाही तरी धावण्यातच बक्षीस मिळून जातं. म्हणून ‘एकदा धावून घेऊ दे, हौस जिरेल’ हा हिशेब उलटा पडतो. प्रत्येक पाठलागानंतर पुढचा पाठलाग सोपा होतो. आणि त्याची सुरुवात होते मांजर पळाल्यावर. थोडक्यात, तांबीला थांबवणं हे निम्मं काम झालं. ठकीला पळावंच लागू नये अशी घराची मांडणी करणं हे उरलेलं निम्मं, आणि लोक नेमकं तेच सोडून देतात.

‘मांजरांशी छान राहते’ हे त्या मंडळींनी खोटं सांगितलं असेल असं मला वाटत नाही. जिथे कुत्री सांभाळली जातात तिथली मांजरं सरावलेली असतात. नवं कुत्रं जवळ आलं तर ती जागची हलत नाहीत, फार तर कान मागे घेऊन बसून राहतात. न पळणाऱ्या मांजरापुढे तांबी गुणी वागली असणार. ठकीनं आयुष्यात घरात कुत्रं पाहिलेलं नाही, ती पळाली, आणि तांबीला दुसरंच मांजर भेटलं. त्यांना फोन करून दोनच गोष्टी विचारा: तिथली मांजरं तिच्यासमोर कधी पळाली होती का, आणि पळाली तेव्हा हिनं काय केलं? लहान पिल्लांजवळ कशी होती तेही जमलं तर विचारा. उत्तर ‘तशी वेळच आली नाही’ असं आलं, तर ‘माहीत नाही’ असं समजून चाला.

सासूबाईंच्या म्हणण्यात थोडं तथ्य आहे. वाड्यात किंवा गावच्या घरात, जिथे मांजराला कौलांवर, झाडावर, शेजारच्या पडवीत जायला दहा वाटा असतात, तिथे असं होताना त्यांनी पाहिलं असेल. नाकावर एक फटका, कुत्रं केकाटून मागे, प्रकरण मिटलं. फ्लॅटमध्ये मांजराला वाटाच नसतात. कोपऱ्यात अडकलेलं मांजर एक फटका मारून थांबत नाही, डोळ्यांवर येतं. बुबुळावर नखाचा ओरखडा गेला तर कुत्र्याचा डोळा जाऊ शकतो. आणि ज्या कुत्र्यात शिकारीचे पुढचे टप्पेही जागे आहेत, ते फटक्यानं मागे हटण्याऐवजी चवताळतं. तांबी यांपैकी कोणत्या जातकुळीची हे अजून कोणालाच माहीत नाही, म्हणून हा प्रयोग घरात नको.

आता घर. सगळ्यात आधी खिडक्या आणि बाल्कनी बघा. तिसरा मजला आहे, आणि घाबरलेलं मांजर खिडकीकडेही झेप घेऊ शकतं. सरकत्या खिडक्यांना जी मच्छरजाळी असते ती चार किलोच्या मांजराचा धक्का सोसत नाही, फाटते किंवा चौकटीसकट निघते. कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी चारही बाजूंनी घट्ट ताणलेली असेल तर चालते, पण मांजरांनी कुठे कुरतडली आहे का, हुक निघालेत का, ते हात लावून तपासा. शक्य तिथे ग्रीलच्या आतून तारेची जाळी मारून घ्या. माझ्या पाहण्यात कुत्र्याच्या चाव्यापेक्षा या पळापळीतले अपघात जास्त आले आहेत.

मग बेडरूमचं दार. मुख्य दाराला जसा सेफ्टी डोअर असतो तसा एक हलका जाळीचा दरवाजा सुताराकडून किंवा फॅब्रिकेशनवाल्याकडून बेडरूमच्या चौकटीला लावून घ्या. लाकडी पट्ट्यांची चौकट आणि वेल्डमेश (वेल्डिंग केलेल्या तारांची जाळी), एवढं पुरे. जाळीची भोकं इंचापेक्षा मोठी नकोत, नाहीतर पंजे आरपार जातात. दरवाजा पूर्ण उंचीचा हवा. लहान मुलांसाठी मिळतात ती अर्ध्या उंचीची फाटकं देशी कुत्री उभ्या जागेवरून ओलांडते, हे तांबी तुम्हाला पहिल्याच दिवशी दाखवून देईल. खर्च होतो खरा, पण पुढचं जवळपास सगळं काम या जाळीच्या दोन बाजूंना होणार आहे. आतल्या लाकडी दाराची कडीही राहू द्या. घरात कोणी नसेल आणि रात्री झोपताना दोन्ही बंद. कामाला येणाऱ्या मावशी, क्लासहून येणारी मुलं, सासूबाई, सगळ्यांना एकच नियम: एक दार लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही.

मांजरांच्या खोलीत दोघांचं खाणं, पाणी, नखं घासायला खांब किंवा गोणपाट, आणि लिटर ट्रे. दोन मांजरांना तीन ट्रे हा नेहमीचा हिशेब आहे. जागा नसेल तर दोन तरी हवेतच, आणि ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत. गोट्याही सध्या तणावात आहे. बोक्यानं ट्रे अडवला तर ठकी गादीवर लघवी करेल आणि दोष तांबीच्या नावावर जाईल. ट्रेपर्यंत तांबी कधीच पोचता कामा नये. एक तर मांजराला तिथे गाठलं की ते पुन्हा तिथे जात नाही. दुसरं म्हणजे कुत्र्यांना मांजराची विष्ठा आवडते. ऐकायला किळसवाणं आहे, पण प्रथिनांनी भरलेलं मांजराचं खाणं अर्धवट पचून बाहेर पडलेलं असतं, त्यांच्या नाकाला तो खाऊच वाटतो. त्याबरोबर ओलं झाल्यावर गोळा होणारी लिटरची माती पोटात गेली तर आतडी तुंबू शकतात.

हॉलमध्ये आणि स्वयंपाकघराच्या वाटेवर उंचावरच्या जागा करा. फ्रिजचा माथा मोकळा करा, कपाटावरच्या बॅगा काढून तिथे रबरी मॅट टाका, भिंतीवर दोन-तीन फळ्या अशा ठोका की मांजराला जमिनीला पाय न लावता खोलीच्या एका टोकाकडून दुसरीकडे जाता येईल. फळी घसरडी असेल तर मांजर ती एकदा वापरून सोडून देतं, म्हणून वर जुन्या सतरंजीचा तुकडा चिकटवा. सोफ्याखाली आणि पलंगाखाली मात्र लपू देऊ नका. खाली लपलेल्या मांजराला कुत्रं कोंडीत पकडतं. त्या फटी खोके लावून बुजवा.

ठकी माळ्यावर बसते याची काळजी करू नका. तिनं योग्य जागा निवडली आहे. तिला उतरवू नका, माळाच जरा राहण्याजोगा करा: एक चादर, पाण्याची वाटी, चढ-उताराला स्टूल. फक्त ती खाते का यावर बारीक लक्ष ठेवा. मांजरानं दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर यकृतावर चरबी साठून ते गंभीर आजारी पडू शकतं, लठ्ठ मांजरं तर फार लवकर. आणि गोट्याच्या बाबतीत याहून तातडीची गोष्ट. तणावात बोक्यांचा मूत्रमार्ग बंद पडतो. तो वारंवार ट्रेमध्ये जाऊन बसतोय, कण्हतोय, थेंब-थेंब होतेय किंवा काहीच होत नाही, सारखा तिथे चाटतोय, असं दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. लघवी पूर्ण अडली तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. पुष्कळ लोक याला बद्धकोष्ठ समजून घरगुती उपाय करत बसतात.

औषधांबद्दल एक गोष्ट मी प्रत्येक अशा घराला दोनदा सांगते. तांबी रस्त्यावरून आलेली, म्हणजे गोचीड आणि पिसवा असणारच, आणि मेडिकलमधून किंवा ऑनलाइन मानेवर टाकायचं औषध आणलं जाणार. कुत्र्यांसाठीच्या अशा काही थेंबांत, फवाऱ्यांत आणि पावडरींत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं. कुत्र्याला ते चालतं. मांजराच्या शरीरात ते निकामी करण्याची यंत्रणा तोकडी असल्यानं मांजराला ते विष आहे. मांजराच्या अंगावर टाकायचीच गरज नाही, औषध लावलेल्या कुत्र्याला घासलं किंवा त्याच्या अंथरुणावर झोपलं तरी अंग थरथरणं, लाळ, झटके सुरू होऊ शकतात. गोचिडांसाठी आपल्याकडे सर्रास वापरतात ते अमिट्राझचं पाणीही मांजरांच्या घरात नको. डॉक्टरांना ‘घरात मांजरं आहेत’ हे आपणहून सांगा आणि तांबीसाठी गोळी किंवा मांजरांना सुरक्षित असं औषध मागा. आधीच काही लावलेलं असेल तर त्याच्या पाकिटावरचं नाव आजच वाचा.

बाकी आरोग्याचं लवकर आवरते. तांबीचे जंतांचे डोस आणि रेबीजसह सगळी लसीकरणं पूर्ण करा. मांजरांची तिहेरी लस आणि रेबीज राहिलं असेल तर तेही. ‘आमची घराबाहेर जातच नाहीत’ हे कारण आता उरलं नाही, बाहेरचं घरात आलं आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा विषाणूचा आजार पाळीव मांजरांना होत नाही. पण कुत्र्यांच्या पार्वो विषाणूचे आताचे प्रकार मांजरांनाही लागू शकतात, आणि पिसवा, कानातले माइट्स, गजकर्ण ही देवाणघेवाण तर दोन्हीकडून चालते. तांबीच्या कानाला खाच असेल तर नसबंदी झालेली आहे, नसेल तर विचारून घ्या. मांजरांच्या नखांची टोकं कापून ठेवा. आणि या गडबडीत तुम्हाला कोणाला चावा किंवा ओरखडा बसला, तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुऊन त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

ओळखीची सुरुवात वासापासून. मांजराच्या गालांजवळ गंधग्रंथी असतात, ज्या वस्तूला ते गाल घासतं ती ‘आपली’ होते. एक स्वच्छ मोजा घ्या, ठकीच्या गालांवरून फिरवा आणि तांबीच्या जेवणाच्या भांड्याजवळ ठेवा. तांबीच्या अंथरुणावरचं फडकं मांजरांच्या खोलीत, पण त्यांच्या खाण्यापासून लांब. तांबी फिरायला गेली की मांजरांना हॉल मोकळा सोडा; ती सगळीकडे गाल घासून येतील आणि ठकीला फळ्यांची वाट तेव्हाच पाठ होईल. फडक्याजवळून मांजर सहज जातंय, मोजा हुंगून तांबी आपलं जेवण सुरू करतेय, एवढं झालं की पुढे चला. याला चार दिवस लागतील किंवा चौदा.

आता जाळी. जाळीच्या दरवाजावर जुनी चादर कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी अडकवा, पूर्ण खालपर्यंत. तांबी एका बाजूला, मांजरं दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचं जेवण आपापल्या बाजूला इतक्या लांब की कोणीही खाणं थांबवून दाराकडे बघत बसत नाही. मग भांडी रोज वीतभर जवळ आणा. खाणं थांबलं तर परत मागे. काही दिवसांनी चादर खालून चार बोटं वर करा. आता पाय दिसतात, शेपटी दिसते. पुन्हा काही दिवस तेवढंच. लोकांना हा टप्पा खुळचट वाटतो आणि ते एकदम चादर ओढून काढतात. तसं केलंत की दोघं समोरासमोर येतात आणि आधीची सगळी मेहनत वाया जाते.

चादर वर जायला लागली की तुम्ही तांबीच्या बाजूला, तिच्या गळ्यात पट्टा, हातात सैल दोरी, खिशात उकडलेल्या चिकनचे किंवा कलेजीचे वाटाण्याएवढे तुकडे. सुकट नको, फार खारट असते. तांबीनं मांजराकडे पाहिलं की लगेच शांतपणे ‘तांबी’ म्हणा. ती तुमच्याकडे वळली की त्याच क्षणी तुकडा तोंडात. पाहिलं, हाक, वळली, तुकडा. दोन मिनिटं, फार तर तीन, आणि तिथून बाहेर. दिवसातून दोन-तीनदा. काही दिवसांनी एक गंमत होते: मांजर दिसलं की हाक मारायच्या आत तीच वळून तुमच्या खिशाकडे बघते. मांजर दिसणं म्हणजे खाऊ मिळणं, हे तिच्या डोक्यात बसलं. तिथून पुढचा रस्ता बराच सोपा आहे.

या वेळी तिच्या अंगाकडे बघायला शिका. जिभेचं टोक बाहेर, शेपटी ढिली, कान हलताहेत, मध्येच जमीन हुंगते, अंग झाडते, तुमच्याकडे बघते: सगळं ठीक. उलट, धापत असलेलं तोंड अचानक बंद झालं, कान पुढे रोखले, मान ताठ, एक पुढचा पाय उचललेला तसाच अधांतरी, नजर मांजरावरून हलत नाही, पापणी लवत नाही, आणि नाकाला लावलेला कलेजीचा तुकडाही तिला दिसत नाही: थांबा. ओरडू नका, दोरी हिसकू नका. मधे आपलं अंग घाला, तिला दुसरीकडे घेऊन जा आणि उद्या दुप्पट अंतरावरून सुरू करा. लोक गुरगुरण्याला घाबरतात. मला गुरगुरणाऱ्या कुत्र्यापेक्षा हे न भुंकता पुतळा झालेलं कुत्रं जास्त काळजीचं वाटतं. भुंकणं, नाचणं, पुढचे पाय टेकून मागचा भाग वर करणं यात पुष्कळदा खेळाचंच निमंत्रण असतं. फक्त मांजराला त्याचा अर्थ लागत नाही, त्याला तो हल्ला वाटतो. शेपटीचंही तसंच. कुत्र्याची हलती शेपटी बहुधा खुशीची, मांजराची आपटणारी शेपटी वैतागाची.

गुरगुरल्याबद्दल किंवा मांजराकडे पाहिल्याबद्दल तांबीला मारायचं नाही, दटवायचंही नाही. ‘मांजर आलं की मला मार बसतो’ असा अर्थ तिनं लावला तर मांजर तिचं वैरी होणारच.

जाळीपलीकडून आठवडाभर सगळं सुरळीत राहिलं की एका खोलीत. आधी तांबीला चांगलं फिरवून आणा. नुसती दौड नको, तिला मनसोक्त हुंगू द्या, डोकं त्यानंच थकतं. मग तिला दोरीसकट हॉलच्या एका टोकाला चटईवर बसवा, चघळायला काहीतरी द्या. मांजरांच्या खोलीचं दार उघडा आणि विसरून जा. ज्याला यायचं ते येईल. नाही आलं तर नाही. मांजराला उचलून कुत्र्याच्या नाकापाशी नेणं, ‘बघ बघ, ताई आहे तुझी’ म्हणत, हा सगळ्यात जास्त होणारा आणि सगळ्यात महागात पडणारा प्रकार आहे. कडेवरचं मांजर पळू शकत नाही, म्हणून ते तुमच्या खांद्यावरून, चेहऱ्यावरून पळतं.

तुमच्या घरात बहुधा गोट्या आधी येईल. तरुण बोके चौकस असतात. तो जवळ येऊन फिसकारला तर फिसकारू द्या, ती त्याची भाषा आहे. तांबीनं मान वळवली तर भरभरून कौतुक आणि तुकडा. ठकीला गोट्याच्या वेगानं ढकलू नका. तिला लागतील तेवढे महिने लागू द्या. इस्रायलमधल्या तेल अवीव विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एकाच घरात राहणाऱ्या कुत्र्या-मांजरांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात संबंध बरे जुळण्याच्या दोन अनुकूल गोष्टी दिसल्या: मांजर घरात आधीपासून असणं, आणि दोघांची गाठ लहान वयात पडणं. तुमच्याकडे पहिली आहे, दुसरी नाही. ठकी सातची आहे, तिच्याकडून खेळीमेळीची अपेक्षा नको. दुर्लक्ष केलं तरी भरून पावलं म्हणायचं.

दोन-तीन आठवडे दोरी हातात, मग दोरी जमिनीवर लोळती, म्हणजे वेळ पडली तर पाय ठेवता येईल. लोळती दोरी तुम्ही खोलीत असतानाच. एरवी ती फर्निचरला अडकून गळफास बसतो. तांबीची नजर अजून अडकत असेल तर पिंजऱ्यासारखी टोपलीची मुसकी वापरायला हरकत नाही. त्यात तिला तोंड उघडता येतं, धापा टाकता येतात, पाणी पिता येतं. कापडी पट्ट्याची नको. आधी न बांधता नुसता मुसकीत खाऊ ठेवून द्यायचा, अशी आठवडाभर गोडी लावल्याशिवाय बांधायची नाही. आणि मुसकी बांधली म्हणून लक्ष काढायचं नाही, नुसत्या धडकेनंही मांजराला इजा होते.

कुठे थांबायचं तेही सांगते. जाळीआडून रोज नीट सराव करूनही महिना-दीड महिन्यात नजर सुटतच नसेल, अंग थरथरत असेल, जाळीशी झटापट होत असेल, रात्री त्या दारापाशी पहारा चालला असेल. किंवा तिनं याआधी मांजर मारल्याचं कळलं. किंवा ठकीचं वजन उतरायला लागलं, तर एखाद्या वर्तनतज्ज्ञाला घरी बोलवून प्रत्यक्ष बघायला सांगा. त्यानंतरही तेच चित्र असेल तर तांबीसाठी मांजर नसलेलं घर शोधणं हाच दोन्हींच्या भल्याचा निर्णय आहे, त्यात अपराधी वाटून घेण्यासारखं काही नाही. तांबी उंच, सडपातळ, लांब तोंडाची असेल तर तिच्यात कारवान या शिकारी जातीचं रक्त असू शकतं. आपल्याकडे, विशेषतः सोलापूर-लातूरच्या बाजूला, कारवान पिढ्यानपिढ्या सशामागे सोडण्यासाठी पाळले गेले. सशाची शिकार कायद्यानं कधीच बंद झाली, पण डोळ्याला पळतं दिसलं की पाय सुटणं रक्तात राहिलं. अशा कुत्र्यांचं मांजरांशी जमतच नाही असं नाही. त्यांच्या बाबतीत मी लोळत्या दोरीचा टप्पा कितीतरी लांबवते, एवढंच.

झटापट झालीच तर हात मधे घालू नका. गादी, उशी, टेबलाचं फळकुट, जे हाताशी असेल ते मधे सरकवा, मोठ्यानं ताट आपटा, पाण्याची बादली ओता. नंतर मांजर ठीक दिसलं, रक्त नसलं, तरी त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. कुत्र्यानं तोंडात धरून झटकलेल्या मांजराला वरून काही न दिसता आत बरगड्या, फुप्फुसं, पोट यांना मार बसलेला असतो. कुत्रीला मांजर चावलं असेल तर तेही तपासा. मांजराच्या दाताचं भोक बारीक असतं, वरून मिटतं आणि आत पू धरतो. मग तीन-चार दिवस दोघांची भेटच नको, अंगातली खळबळ शमायला तेवढा वेळ लागतो.

खाण्याच्या जागा कायमच्या वेगळ्या ठेवा. तांबीनं रस्त्यावर प्रत्येक घास राखून खाल्लेला आहे, तिच्या भांड्यापाशी मांजर गेलं तर ती आपलं खाणं राखेल, त्यात शिकारीचा संबंध नाही. मांजरांचं खाणं उंचावर ठेवा. ते तिनं रोज खाल्लं तर जुलाब होतील. तिचं खाणं मांजरांनी खाल्लं तर पोट भरेल, पण त्यात मांजरांना लागणारं टॉरिन हे पोषकद्रव्य पुरेसं नसतं.

तिघांना एकटं सोडून बाहेर कधी जायचं, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण दोन महिन्यांनी विचाराल. सगळं उत्तम चाललंय असं वाटायला लागल्यानंतरही काही महिने नाही. आधी दहा मिनिटांसाठी कचरा टाकायला जा आणि फोनचा कॅमेरा चालू ठेवा. ती दहा मिनिटं नुसती झोपेत गेलेली दिसली पाहिजेत. दिवाळीच्या दिवसांत हे सगळं स्थगित, फटाक्यांनी बिथरलेली तिघं वेगवेगळ्या खोल्यांत. आणि घरात ठकीसमोर लोळणारी तांबी सोसायटीच्या पार्किंगमधल्या मांजरामागे मात्र सुसाट धावेल, तिच्या लेखी ती वेगळी मांजरं आहेत. तेव्हा खाली उतरताना पट्टा सुटा ठेवू नका, आणि लिफ्टचं दार उघडायच्या आधी दोरी हाताला दोन वेढे देऊन धरा.